चिखल उंबऱ्याच्या आत येणार नाही: कोल्हापुरातल्या घरासाठी मडरूम कशी करावी

घर बांधताना हॉलच्या फॉल्स सीलिंगवर तीन-तीन बैठका होतात. दारातल्या चपलांचा विचार मात्र वास्तुशांत झाल्यावर सुरू होतो. मग दुकानातून पार्टिकल बोर्डाचा एक शू रॅक येतो, जुलैपर्यंत त्याचा तळचा कप्पा फुगतो, दाराच्या कडीवर ओले रेनकोट लटकतात, हेल्मेट टीव्हीच्या युनिटवर जाऊन बसतं आणि फरशीवरून चिखलाचे ठसे थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतात.

हे टाळायला घराच्या तोंडाशी एक जागा वेगळी राखायची. बाहेरून आलेल्याने तिथे चपला, रेनकोट, दप्तर उतरवायचं, पाय धुवायचे आणि कोरड्या पायांनी आत जायचं. पेठेतल्या जुन्या घरांत हे काम सोपा, म्हणजे दारातली ओसरी करायची: दारात पाण्याची बादली आणि तांब्या, भिंतीला खुंट्या, टेकायला कट्टा. बंगले आणि रो-हाऊस आले तसा सोप्याचा हॉल झाला आणि ही सोय गेली. आता इंटिरियरवाले तीच मडरूम म्हणून परत आणताहेत. ती आणताना भर असतो कपाटांवर, चित्रात छान दिसतात म्हणून. आपल्याकडे ही खोली यशस्वी होते की फसते, हे ठरतं पाण्यावर. म्हणून पुढचा सगळा क्रम असा आहे: आधी पाणी, मग हवा, आणि कपाट सगळ्यांत शेवटी.

खरं दार कुठलं, ते आधी ठरवा

नकाशावरचं मुख्य दार आणि घरच्यांचं रोजचं दार एकच असतं असं नाही. बहुतेक घरांत दुचाकी पोर्चमध्ये किंवा बाजूच्या बोळात लागते आणि माणसं मागच्या दाराने मोरीवरून आत येतात. पुढचं दार उघडतं ते पाहुण्यांसाठी आणि गौरी-गणपतीला. रोजची वर्दळ मागून असेल तर मडरूमही तिकडेच करा. मोरीचं पाणी आणि निचरा तिथे आधीच असतो, खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट पावसाच्या दिशेची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्याला तो कित्येक पटींनी जास्त. म्हणजे फुलेवाडी-कळंब्याकडचं घर आणि राधानगरी-गगनबावडा पट्ट्यातलं घर यांना एकच उपाय चालणार नाही. दार पश्चिमेला असेल तर अडीच फुटांचा छज्जा पुरत नाही, झड सरळ उंबऱ्यावर येते. छज्जा किमान साडेतीन-चार फूट काढा आणि वाऱ्याच्या बाजूने जाळीच्या विटांची किंवा फटी ठेवलेली लोखंडी पट्ट्यांची आडभिंत घ्या. पूर्ण काच लावून बंद करू नका. का, ते हवेच्या भागात येईल.

चपलांचं कपाट कुठल्या दिशेला असावं याचे वास्तूचे नियम घरोघरी वेगळे सांगतात. ज्यांना पाळायचे त्यांनी पाळावेत. ढाळ मात्र गटाराकडेच काढावा लागतो, तिथे पर्याय नाही.

किती जागा लागते

चार माणसांच्या घराला ५ फूट बाय ७ फूट जागा नीट पुरते. रो-हाऊसमध्ये एवढी निघत नाही, तिथे ४ बाय ५ मध्येही भागतं, फक्त पाय धुवायची जागा उंबऱ्याबाहेर घ्यावी लागते. दोन माणसं एकमेकांना न घासता उभी राहायची तर बाकासमोर ३ फूट मोकळी जागा हवी. दार आत उघडत असेल तर त्याचा फेरा त्यात धरू नका. शक्य असेल तर दार बाहेर उघडणारं करा.

कागदावर या जागेचे दोन भाग पाडा. दाराबाहेरचा किंवा दाराला लागून असलेला अडीच-तीन फुटांचा पट्टा ओला. त्यापुढचा कोरडा. बाक या दोन्हींच्या सीमेवर येतो: ओल्या बाजूला पाय ठेवून बसायचं, चपला काढायच्या, वळायचं आणि कोरड्या बाजूला उतरायचं. हा छोटासा वळसा नकाशात बसला की बाकीचं सोपं होतं. बाक दूरच्या भिंतीला लावला तर प्रत्येकजण चिखलाच्या पायांनी सगळी खोली ओलांडून तिथे जाणार.

पाणी: इथे वेळ घालवा

ओला पट्टा कोरड्या भागापेक्षा पाऊण इंच खाली ठेवा. जास्त खाली नको, वयस्कर माणसांचा पाय अडखळतो. त्या पट्ट्याला ५ फुटांत १ इंच ढाळ द्या, आणि तो घरापासून दूर, बाहेरच्या बाजूला. गवंडी म्हणेल, "काढलाय की ओ ढाळ, लेव्हल लावून बघा." लेव्हल लावाच, पण त्यावर थांबू नका. फरशी चिकटवण्याआधी कोब्यावर, म्हणजे खालच्या सिमेंटच्या थरावर, एक बादली पाणी ओता आणि चहा घेऊन या. परत आल्यावर कुठे थारोळं राहिलंय का ते बघा. फरशी बसण्याआधीच दुरुस्ती सोपी असते. फरशी बसल्यावर तेच काम तोडफोडीचं होतं आणि मग "पावसाळ्यात थोडं साचतंच" हे उत्तर ऐकून घ्यावं लागतं.

पाय धुवायच्या जागेला २ फूट बाय अडीच फूट पुरतात. भोवती ३-४ इंचांचा कठडा, म्हणजे पाणी पसरत नाही. नळ जमिनीपासून दीड फुटावर घ्या आणि त्यालाच हेल्थ फॉसेटची नळी जोडायची सोय ठेवा. मुलांचे फुटबॉलचे बूट वाकून धुण्यापेक्षा नळीने धुणं फार सोपं, आणि या गावात फुटबॉलचे बूट नसलेलं घर शोधावं लागेल. भिंतीला ३२ ते ३४ इंचांवर स्टीलचा एक आडवा दांडा लावा. आजी-आजोबांनी एका पायावर उभं राहून दुसरा धुवायचा असतो, तेव्हा हाताला काहीतरी हवंच.

आता बहुतेकजण विसरतात ती गोष्ट: गाळ. पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती चिकट असते. बुटाच्या खाचांत घट्ट बसते आणि धुतली की पाण्याबरोबर पाईपमध्ये उतरून तिथे थर धरते. साधा नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा वाकडा पाईप, लवकर तुंबतो. म्हणून नळाचं पाणी सरळ लाईनला न सोडता आधी एका गाळ चेंबरमध्ये पाडा. १ फूट बाय १ फूट, आणि बाहेर जाणारा पाईप चेंबरच्या तळापासून ५-६ इंच वर. माती तळाला बसते, वरचं पाणी पुढे जातं. वर हाताने उचलता येईल असं जाळीचं झाकण ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खुरप्याने गाळ काढला की झालं, आणि तो गाळ कुंड्यांना उत्तम. पाईप ३ इंचांचा घ्या, त्याहून लहान नको. हे पाणी बागेकडे वळवता आलं तर उत्तमच. ड्रेनेज लाईनला जोडणार असाल तर मध्ये पाण्याचा सील असलेला ट्रॅप हवाच, नाहीतर झुरळं आणि वास दोन्ही त्याच वाटेने उलट येतील.

चिखल नळापर्यंत पोचण्याआधीच थोडा उतरवला तर काम निम्मं होतं. शेतावर जाणाऱ्यांच्या घरी पायरीच्या कडेला लोखंडी पट्टी बसवलेली असायची, बूट खरवडायला. ती परत लावा. दोन अँगलमध्ये ८ इंच लांबीची उभी पट्टी, पायरीच्या एका टोकाला, अंधारात ठेच लागणार नाही अशी. त्यानंतर भोकांची रबरी मॅट, फरशीत दीड इंच खोल खाच करून बसवलेली, म्हणजे ती सरकत नाही आणि माती खाली पडते. काथ्याचं पायपुसणं छान दिसतं, पण भिजलं की चार-चार दिवस वाळत नाही आणि कुजतं. ते कोरड्या भागात ठेवा. एकूण पुसण्याची लांबी ४ फूट तरी असावी, म्हणजे चालता चालता दोन्ही पाय टेकतात.

फरशी

चकचकीत व्हिट्रीफाईड टाईल इथे आणू नका, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल. ओल्या पायाला ती तेलासारखी लागते. दगड घ्यायचा तर शहाबादी किंवा पॉलिश न केलेला कोटा. दोन्ही खरखरीत राहतात, रंग राखाडी-हिरवट असल्याने वाळलेली माती उठून दिसत नाही. काळा कडप्पा भारी दिसतो, पण वाळलेल्या चिखलाचा प्रत्येक पांढुरका ठसा त्यावर मोजून घेता येतो. टाईलच हवी असेल तर मॅट, अँटिस्किड आणि दुकानदाराला 'आर ११' रेटिंग (न घसरण्याची प्रत) विचारा. कोरड्या भागाला 'आर १०' चालतं.

शहाबादी आणि कोटा हे चुनखडीच्या जातीचे दगड. बाथरूमसाठी आणलेलं ॲसिड त्यावर पडलं की पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. धुण्याची पावडर आणि काथ्याचा ब्रश पुरे. सांध्यांमध्ये साधं पांढरं सिमेंट भरलं तर पहिल्याच पावसात ते तपकिरी होतं. गडद रंगाचा इपॉक्सी ग्राऊट महाग पडतो, पण इथे तो वाया जात नाही.

भिंत आणि लाकूड

जमिनीपासून ४ फुटांपर्यंत भिंतीला टाईल किंवा दगडाचा डॅडो (खालच्या भागाचं आवरण) घ्या. छत्री झटकतात, मुलं भिंतीला पाय लावून उभी राहतात, कुत्रं अंग झाडतं, हे सगळं त्या चार फुटांतच होतं. त्यावर धुता येईल असा रंग.

फर्निचरसाठी एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पूर्ण बाद. प्लाय घ्यायचा तर 'आयएस ७१०' शिक्क्याचा मरीन प्लाय, आणि शिक्का पावतीवर नाही, प्लायच्या अंगावर बघून घ्या. कापल्यानंतर उघड्या पडलेल्या कडा सील झाल्या नाहीत तर मरीन प्लायही पाणी पितो, त्यामुळे सुतार ज्या कडेला "ती दिसत नाही, राहू दे" म्हणतो, नेमकी ती बंद करून घ्या. टिंबर मार्केटमध्ये हिंडून जुन्या घराच्या सागवानी तुळया किंवा चौकटी मिळाल्या तर बाकाच्या फळीसाठी त्यासारखं दुसरं काही नाही. मुरलेलं लाकूड असतं, वाकत नाही.

कुठलंही कपाट जमिनीला टेकू नये. ६ इंच वर उचला, एकतर भिंतीला धरून किंवा स्टीलच्या पायांवर. खाली झाडू आणि पाणी दोन्ही जायला हवं. स्क्रू, कड्या, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, ३०४ ग्रेडच्या. साध्या लोखंडाचा गंज ओल्या कपड्यांना लागतो आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावरचा तो डाग सहजी निघत नाही.

बाक, खुंट्या, कप्पे

बाकाची उंची १७-१८ इंच, खोली १५-१६ इंच. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर १९ इंच. बाकाखाली दारं लावू नका. रोजच्या चपला तिथे उघड्याच राहू द्या, त्या तशाही तिथेच राहणार.

चपलांच्या कप्प्याची खोली १३ इंच धरा, पुरुषांचे बूट १२ इंचांच्या आसपास भरतात. दोन कप्प्यांमध्ये ६-७ इंच, गमबुटांसाठी एक कप्पा १६ इंचांचा. फळ्या सलग न करता पट्ट्यापट्ट्यांच्या करा, म्हणजे पाणी आणि माती खाली गळते आणि बुटांना खालून वारा लागतो. गणपतीत घरात पंचवीस माणसं आली तर कुठलंच कपाट पुरत नाही, त्यामुळे एक मोकळा कोपरा रिकामाच ठेवा.

कोल्हापुरी पायताणाचा कप्पा वेगळा, सगळ्यांत वर. चामडं वनस्पतीच्या सालींनी कमावलेलं असतं, भिजलं की फुगतं आणि तळाचे थर सुटायला लागतात. पावसाळ्यात ती घालू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी एखाद्या लग्नाला घातली जातातच. भिजलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवली की चामडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर तेलाचा हलका हात फिरवा आणि कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी हमखास.

खुंट्यांची उंची मोठ्यांसाठी ५ ते साडेपाच फूट, मुलांसाठी ३ ते साडेतीन. मुलांच्या हाताला येत नसेल तर दप्तर जमिनीवरच पडणार, मग रागवून उपयोग नाही. कोरड्या वस्तूंच्या खुंट्यांत ८ इंचांचं अंतर चालतं. ओल्या रेनकोटांना मात्र १२ इंच हवेतच आणि त्या खुंट्या ओल्या पट्ट्याच्या बरोबर वर हव्यात.

रेनकोटाचं नीट बघा. टांगल्यावर आधी खालच्या काठावरून धार लागते, ती लवकर थांबते. पाणी खरं राहतं टोपीच्या खोबणीत, बाह्यांच्या घड्यांत आणि पँटच्या मोहरीत. टोपीने टांगला तर आतलं अस्तर सकाळपर्यंत ओलंच असतं आणि पोराला तोच घालून शाळेला जावं लागतं. म्हणून जॅकेट रुंद हँगरवर, टोपी बाहेर उलटून, चेन उघडी. पँट उलटी, मोहरीला क्लिपा लावून. त्यासाठी खुंट्यांऐवजी स्टीलची एक आडवी दांडी सोयीची पडते. घरात अजून घोंगडं वापरत असतील तर त्याची खुंटी वेगळी आणि भिंतीत खोल रोवलेली घ्या. भिजलेल्या घोंगड्याचं वजन साध्या हुकाला पेलत नाही.

हेल्मेटसाठी खुंट्यांच्या वर १३ इंच खोलीची उघडी फळी, पट्ट्यांचीच. ओलं हेल्मेट बंद कपाटात ठेवलं की आतल्या स्पंजला जो वास लागतो तो धुऊनही जात नाही. छत्र्यांना उभं भांडं, तळाला भोक असलेलं, ओल्या पट्ट्यात. जुनी तांब्याची किंवा पितळेची कळशी यासाठी वापरू नका, तळाशी पाणी साचून राहतं.

शेतीचं सामान याच खोलीत येऊ देऊ नका. विळा, खुरपं ठीक आहे. फवारणीचा पंप, औषधं, खताची उघडी पोती यांची जागा घराबाहेरच्या कुलूपबंद खोलीत. इथे मुलांची दप्तरं आणि डबे टेकतात.

हवा आणि वीज

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी ओल असते की नुसत्या खिडकीने कपडे वाळत नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंतींत, एक खाली आणि एक वर, अशी जाळीची भोकं ठेवा. जोडीला ६ इंचांचा एक्झॉस्ट आणि रेनकोटांच्या दांडीकडे तोंड केलेला भिंतीचा छोटा पंखा. बंद काचेची मडरूम ही बुरशीची पेटी होते, म्हणून वर काच नको म्हटलं. कपाटाला दार लागणारच असेल तर लुव्हरचं, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचं लावा. वेताची जाळी हल्ली फॅशनमध्ये आहे, पण ओल्या भागात ती काळी पडते.

स्विच बोर्ड ओल्या पट्ट्यापासून लांब, ४ फुटांच्या वर, प्लगला झाकण. या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा, त्यावर काटकसर नको. दिवा सेन्सरचा लावा. हात पिशव्यांनी भरलेले आणि ओले असताना बटण शोधावं लागत नाही.

पूरपट्ट्यातलं घर असेल तर

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तुमच्या गल्लीत तेव्हा पाणी आलं असेल तर त्याची खूण भिंतीवर शोधा आणि त्या रेषेखाली लाकूड वापरूच नका. बाक दगडी कट्ट्याचा, कप्पे कडप्प्याच्या फळ्यांचे, दांड्या स्टीलच्या, वीज त्या रेषेच्या वर. निचऱ्याच्या पाईपला उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. शाहूपुरी-दुधाळीकडे पुराचं पाणी रस्त्यावरून येण्याआधी मोरीतून वर आलेलं बऱ्याचजणांनी पाहिलंय. पूर ओसरल्यावर अशी खोली पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन त्याच आठवड्यात वापरात येते.

फ्लॅटमध्ये

नळ आणि ढाळ जमणार नाही. दाराच्या आत ३ फुटांचा मॅट टाईलचा पट्टा, काठ असलेला स्टीलचा ट्रे, भिंतीवर घडीचं आसन आणि दांडी, एवढ्यावर काम भागवा. जिन्यात चपला ठेवायच्या असतील तर सोसायटीला विचारून, आणि जिना अडणार नाही इतक्याच.

देखणेपण

वरचं सगळं जमलं तर दिसायला खोली आपोआप नेटकी होते, फार सजवायची गरज उरत नाही. एकच भिंत बोलकी करा. जांभा दगड आपल्या पश्चिम भागात मिळतो, त्याची उघडी भिंत पिवळसर उजेडात फार सुंदर दिसते. फक्त ती कोरड्या बाजूला घ्या आणि वरून पारदर्शक सीलर मारा, नाहीतर जांभ्याची लाल पूड झडत राहते. दगड, सागवान आणि स्टील, तीनच वस्तू ठेवल्या तर पुरे. उंबऱ्यापुढे रांगोळीला हातभर कोरडी जागा सुटेल असं बघा, ती नकाशात कोणी धरत नाही आणि नंतर घरची बाई रोज सकाळी मॅट उचलत बसते.

कामाचा क्रम

गवंडीकाम आणि निचरा एप्रिल-मेमध्ये उरका. वळीव आला की ढाळाची फुकट परीक्षा होते. सुतारकाम मात्र लगेच काढू नका. पहिला पावसाळा एक साधा बाक, तात्पुरती दांडी आणि प्लास्टिकच्या दोन क्रेटवर काढा. कोण कुठे बसतं, ओल्या छत्र्यांचं पाणी कुठे जातं, कुठल्या भिंतीला ओल चढते, दप्तर कुठे पडतं, हे जून-जुलैत कळतं आणि भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवता येतात. दसरा-दिवाळीच्या मध्ये सुतार बोलवा आणि त्या खुणा त्याला दाखवा.